कैसर-ए-हिंद
कैसर हे नाव आपल्या घरांत नवे नाही. एखादी कैसरखाला बहुतेक प्रत्येक खानदानात सापडतेच. पण कैसर-ए-हिंद नावाचे फुलपाखरू आहे, असे सांगितले की मुले हसतात.

कैसर म्हणजे रोमचा सीझर. हा शब्द अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे आला. १८७६ साली व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, तेव्हा तिच्या पदवीसाठी ‘कैसर-ए-हिंद’ हेच शब्द निवडले गेले. फुलपाखराची शास्त्रीय नोंद त्याआधीची, १८४३ ची. ती करणाऱ्या होप यांनीही त्याला ‘इम्पिरियालिस’, म्हणजे शाही, असेच म्हटले होते.

आणि रूप खरोखरच शाही! नराचे पंख गर्द हिरवे, मागच्या पंखांवर पिवळाजर्द डाग आणि खाली तलवारीसारखी शेपटी. या हिरव्यात नुसता रंग नाही. पंखांवरच्या खवल्यांची अतिसूक्ष्म रचनाच प्रकाशाला असा परतवते की हिरवी झळाळी दिसते. मादी आकाराने मोठी, पंखांवर राखाडी छटा अधिक, आणि शेपट्या एकीऐवजी अनेक. दोघांना शेजारी ठेवले तर नवखा माणूस त्यांना वेगवेगळ्या जातींचे समजेल.

त्याचे घर पूर्व हिमालयात. नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, मेघालय आणि पुढे म्यानमार, चीन, व्हिएतनामपर्यंत. साधारण सहा ते दहा हजार फुटांवरचे दाट जंगल त्याला लागते. सकाळी ऊन पडले की नर डोंगरमाथ्यावरच्या उंच झाडाच्या पानावर ठाण मांडतो आणि दुसरा नर आला की त्याच्यामागे सुसाट धावतो. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या हाती क्षणभराची हिरवी लकेर लागते, एवढेच.

ही देखणी लकेरच त्याच्या जिवावर उठली. पेटीत टाचणीने टोचून ठेवण्यासाठी संग्राहक त्याला पैसे मोजत आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणे गुन्हा आहे. तरी चोरटा व्यापार आणि जंगलतोड हे दोन्ही धोके आहेतच. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात सर्वांत आधी. अरुणाचलने २०२१ मध्ये तो मान कैसरला दिला.

तिकडे जाणाऱ्यांनी भल्या सकाळी माथा गाठावा. ढग आले की स्वारी पानाआड जाते, आणि मग कॅमेरा गळ्यात अडकवून खाली उन्हाची वाट पाहत बसायचे.