डोंगरी सायकल, कार्बन तंतूंची

चढउतार, खडक व झाडांची मुळे असलेल्या कच्च्या वाटांवरील क्रॉस-कंट्री शर्यतींसाठी बनविलेली, कार्बन तंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या संमिश्र द्रव्याची फ्रेम असलेली हलकी सायकल. या शर्यतींत चढाचा वाटा मोठा असल्याने वजन कमी राखणे हे तिच्या रचनेचे मुख्य सूत्र असते. मात्र उतारावर बसणारे आघात सोसण्याची क्षमताही तिच्यात असावी लागते. या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हाच अशी सायकल जुळविण्यातील मुख्य प्रश्न होय.

इतिहास : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात टॅमलपाइस पर्वताच्या परिसरातील उतारांवर १९७० नंतरच्या दशकात काही तरुण रुंद टायरांच्या जुन्या सायकली चालवीत. १९७६ मध्ये तेथे ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली. लांब उतारावर मागील हबमधील ब्रेक तापून त्यातील ग्रीज जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या वापरासाठी खास पोलादी फ्रेम घडविली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी, टॉम रिची यांनी बनविलेल्या फ्रेम वापरून, अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची मान्यता असलेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये ड्युरँगो (कोलोराडो) येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. दरम्यान फ्रेमचे द्रव्य पोलादाकडून ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंकडे व पुढे कार्बन संमिश्राकडे वळले.

द्रव्य व फ्रेमची निर्मिती : कार्बन तंतू मुख्यत्वे पॉलिॲक्रिलोनायट्राइलाचे तंतू प्रथम हवेत व नंतर ऑक्सिजनविरहित वातावरणात १,०००° से. पेक्षा अधिक तापमानापर्यंत तापवून बनवितात. तंतूचा व्यास ५ ते ७ मायक्रोमीटर असतो. पोलादाची घनता सु. ७·८ व ॲल्युमिनियमाची २·७ ग्रॅ./घ. सेंमी. असते, तर या संमिश्राची घनता सु. १·६ इतकीच असते. मात्र धातूंचे बल सर्व दिशांना जवळजवळ सारखे असते, तर कार्बन तंतूंचे बल केवळ त्यांच्या लांबीच्या दिशेने मिळते. म्हणून रेझीन मुरविलेल्या पातळ पट्ट्या निरनिराळ्या कोनांत एकावर एक रचतात. नळीच्या लांबीला समांतर थर वाकण्यास व ४५° कोनातील थर पिळास विरोध करतात. ही रचना साच्यात ठेवून आतून फुग्याने दाब देतात व उष्णतेने पक्की करतात. जेथे भार अधिक तेथे (उदा., क्रँकच्या आसाभोवती) थर वाढविता येतात व इतरत्र ते कमी करता येतात. मागे आघातशोषक नसलेल्या हलक्या फ्रेमचे वजन १ किग्रॅ. पेक्षाही कमी असू शकते.

वजनाचे गणित : ६५ किग्रॅ. वजनाचा चालक व १० किग्रॅ. ची सायकल मिळून ७५ किग्रॅ. भार ३०० मी. उंच चढविण्यास सु. २२१ किलोजूल कार्य करावे लागते. सायकल १ किग्रॅ. ने हलकी केल्यास त्यात सु. ३ किलोजूल, म्हणजे १·३ टक्के बचत होते. तीच शक्ती लावल्यास २० मिनिटांच्या खड्या चढावर यामुळे सु. १६ सेकंद वाचतात. चाकाच्या परिघावरील वजनाला वेग देताना ते पुढे नेण्याबरोबर फिरवावेही लागते. त्यामुळे त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. स्थिर गतीने चढताना मात्र हा फरक उरत नाही.

घटकांची निवड : पूर्वीच्या २६ इंची चाकांऐवजी आता बहुधा २९ इंची चाके वापरतात, ती खाचखळगे अधिक सहजपणे ओलांडतात. पुढील चिमट्यातील आघातशोषकाची हालचाल साधारणपणे १०० ते १२० मिमी. असते. पुढे ३२ किंवा ३४ दात्यांचे एकच चक्र व मागे १० पासून ५० वा ५२ दात्यांपर्यंतची १२ चक्रे बसविल्याने पुढील चक्रे बदलणारी यंत्रणा व तिची तार वगळता येते. ट्यूबविरहित टायरमध्ये छिद्रे बुजविणारा द्रव घालतात. असा टायर कमी दाबावर चालविता येतो व खडबडीत वाटेवर त्याची पकड सुधारते. अतिपातळ टायर घेऊन वाचविलेले वजन एका कापाने निरर्थक ठरते. चालकाच्या शरीरमानाप्रमाणे फ्रेमचा आकार, सीटची उंची व हँडलची रुंदी ठरविणे हे वजन घटविण्याआधीचे काम होय.

जोडणी : कार्बनी भाग अतिरिक्त आवळल्यास चिरडतात, तर सैल राहिल्यास घसरतात. म्हणून परिबल दाखविणारा पाना वापरून निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच बोल्ट आवळतात. हँडलच्या पकडीसाठी ही मर्यादा बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. सीटच्या कार्बनी दांड्याला ग्रीजऐवजी बारीक कणांचा लेप लावतात. त्यामुळे कमी आवळूनही घर्षण पुरेसे मिळते. कार्बन विद्युत् संवाहक असल्याने ओलाव्यात त्याला चिकटलेले ॲल्युमिनियम क्षरण पावते व भाग एकमेकांत अडकून बसतात. यासाठी दोहोंमध्ये निरोधक थर ठेवतात व जोड वेळोवेळी सोडवून स्वच्छ करतात.

दोष व तपासणी : पोलादी नळी तुटण्यापूर्वी बहुधा वाकते व इशारा देते. कार्बन संमिश्र फारसे न वाकता एकाएकी तुटू शकते. दगडाच्या आघाताने आतील थर एकमेकांपासून सुटले, तरी वरील रंग अखंड दिसू शकतो. नाण्याने हलके ठोकल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज बद्द येणे, रंगावर तडा दिसणे वा दाबल्यास पृष्ठभाग दबणे ही संशयाची लक्षणे होत. अशा वेळी तज्ञाकडून तपासणी होईपर्यंत सायकल वापरू नये. जोराने पडल्यानंतर हँडल, त्याची पकड व चिमट्याची नळी खोलून पाहणे आवश्यक असते, कारण यांपैकी एक भाग तुटला तरी चालकाचा तोल सावरणे अशक्य होते. त्यामुळे हे भाग व ब्रेक यांत वजनाची काटकसर सर्वांत शेवटी करावी.

अलीकडे शर्यतींचे मार्ग अधिक खडकाळ झाल्याने अनेक अग्रगण्य स्पर्धक मागेही आघातशोषक असलेली, थोडी जड सायकल पसंत करतात. उतारावर चाकाची पकड टिकल्याने आणि चालकाचा थकवा कमी झाल्याने वाचणारा वेळ जादा वजनाची भरपाई करू शकतो.