रानमेथीची पुडी

तीन वर्षांपूर्वी गावाकडून आलेल्या एका नातेवाइकांनी आईच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत वाळलेला पाला आणि काड्या. "रानमेथी आहे, वहिनी. रोज काढा घ्या, रक्त पातळ राहतं. तुमची ती गोळी याच झाडापासून निघाली, मग गोळी कशाला?" आईच्या हृदयात धातूची झडप आहे आणि ती गोळी म्हणजे वॉरफरिन. गोळी सुटली तर झडपेवर गुठळी धरू शकते, एवढे मला ठाऊक होते. पण 'याच झाडापासून' या शब्दांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुडी फडताळात ठेवली आणि वाचायला बसलो. वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे आले ते जुनी पुस्तके, एक भिंग आणि बांधावरची पायपीट यांतून.

रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यात भांगलण करताना एक तण हमखास हाती लागते. वीतभर ते गुडघ्याएवढी उंची, मेथीसारखे तीन-तीन पर्णिकांचे पान, पर्णिकांच्या कडा बारीक दातेरी, आणि लांबट तुऱ्यावर दोन-तीन मिलिमीटरची फिकट पिवळी फुले. शेंग म्हणावी तर अगदी मण्याएवढी, सुरकुतलेली, बहुधा एकच बी असलेली. हिचे शास्त्रीय नाव मेलिलोटस इंडिकस, हिंदीत सेंजी. 'मेली' म्हणजे मध, कारण या वंशाच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात. इंग्रजीत या वंशाला 'स्वीट क्लोव्हर' म्हणतात. खरा क्लोव्हर वंश ट्रायफोलियम. आपले दूधवाले जनावरांना घालतात ते बरसीम त्यातले. पण मेथी, लसूणघास, बरसीम आणि ही रानमेथी या एकाच गोतातल्या चुलत बहिणी आहेत. लसूणघासाच्या शेंगा मात्र वेटोळ्या असतात, त्यामुळे शेंगा धरल्यावर दोघींची गल्लत होत नाही.

तिची खरी ओळख वासात आहे. ओल्या पाल्याला वास बेताचाच. सावलीत वाळवा, मग नव्या गवताचा, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा गोड वास सुटतो. हा कुमरिनचा वास. हिरव्या पानात कुमरिनची पूर्वद्रव्ये साखरेशी बांधलेली असतात, वाळताना ती सुटतात. हिचे बी गव्हात गेले तर पिठालाही तो वास लागतो. विल्यम पर्किनने १८६८मध्ये कुमरिन प्रयोगशाळेत तयार केले आणि पुढे ते अत्तरांत गेले. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: कुमरिन रक्ताचे गोठणे थांबवत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारी अर्धी माहिती याच ठिकाणी घसरते.

मग वॉरफरिन कुठून आले? त्यासाठी उत्तर अमेरिकेत जावे लागते. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड पठारी प्रदेशांत मेलिलोटसच्या युरोपातून आलेल्या जाती चाऱ्यासाठी सर्रास पेरल्या जात. हलक्या जमिनीत येणारे, जनावरांना आवडणारे पीक. आणि मग गाई-बैल रक्तस्रावाने मरू लागले. शिंगे कापली, खच्ची केले, की रक्त थांबेना. काही जनावरे तर जखमेवाचूनच आतल्या आत रक्त वाहून मेली. ओंटारिओच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या फ्रँक स्कोफिल्ड यांनी एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या आणि बुरशी लागलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि वेगवेगळ्या सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा ठणठणीत राहिला, बुरशीचा चारा खाणारा मेला. इतका साधा प्रयोग! (हेच स्कोफिल्ड १९१९मध्ये कोरियात होते आणि तिथल्या स्वातंत्र्य चळवळीवरच्या अत्याचारांची छायाचित्रे त्यांनी जगापुढे आणली. त्यांचे दफनही सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत झाले.) उपाय दोनच होते: बुरशीचा चारा फेकणे, किंवा निरोगी जनावराचे ताजे रक्त देणे. महामंदीच्या काळात चारा फेकणार कोण?

फेब्रुवारी १९३३मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि कुजका चारा. शनिवार होता, उघडे दार सापडले ते जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांचे. लिंकना त्या दिवशी जुनाच सल्ला देऊन त्याला परत पाठवावे लागले. पण ते कॅन त्यांच्या डोक्यातून गेले नाही. सहा वर्षे खपल्यावर जून १९३९मध्ये त्यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांच्या हाती विषाचे काही मिलिग्रॅम स्फटिक आले. ते डायकुमरॉल होते. बुरशी पाल्यातल्या द्रव्यात फेरफार करते आणि त्याचे दोन रेणू एका कार्बनच्या पुलाने जोडले जातात. म्हणजे हे विष रानमेथीचे नाही, ओल्या गंजीतल्या बुरशीचे आहे. रानमेथीने फक्त कच्चा माल पुरवला.

त्याच १९३९ साली व्हिटॅमिन 'के-१' प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाले, तेही लसूणघासातून. यकृत रक्त गोठवणारे चार घटक 'के'च्या मदतीने पूर्ण करते आणि वापरलेले 'के' पुन्हा कामाजोगे करून घेते. डायकुमरॉल हा फेरवापर अडवते. म्हणून 'रक्त पातळ होते' हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. रक्त तेवढेच दाट राहते, फक्त गोठायला वेळ लावते. एका बहिणीच्या कुजण्यातून विष निघाले आणि दुसरीच्या हिरव्या पानातून त्याचा उतारा. या गोतावळ्यात मला याहून विलक्षण काही सापडलेले नाही.

वॉरफरिन हे डायकुमरॉलच्या नमुन्यावर लिंक यांच्या प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम भावंड. १९४८मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५१मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एकाने जीव देण्यासाठी ते खाल्ले आणि 'के' देऊन त्याला वाचवण्यात आले, तेव्हा माणसांना देण्याचे धैर्य वाढले. १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यांनाही हेच दिले गेले. आज नवी औषधे आली आहेत, पण धातूच्या झडपेला अजून याच जुन्या कुळातल्या गोळ्या लागतात.

मग खुद्द रानमेथीत औषध किती? युरोपात पिवळ्या मेलिलोटसचा अर्क पायांच्या शिरांचा जडपणा आणि सूज यांवर परंपरेने वापरतात. शुद्ध कुमरिनची कसोटी मात्र अमेरिकेत लागली: स्तनाच्या कर्करोगावरील उपचारानंतर हात सुजलेल्या १४० स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९९मध्ये आला. सूज उतरली नाही, आणि सुमारे सहा टक्के स्त्रियांच्या यकृताला अपाय दिसला. माझ्या मते मोठी आशा धरावी असे त्यात काही नाही. उत्तम चारा आणि मधमाश्यांचे खाद्य म्हणून तिचा मान पुरेसा आहे.

हे सगळे आईला सांगितले तेव्हा तिने उलट विचारले, "मग माझ्या मेथीचं काय?" शस्त्रक्रियेनंतर कुणीतरी सांगितले म्हणून चार वर्षे तिने पालेभाजी तोंडात घातली नव्हती. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, खा. फक्त एका आठवड्यात ढीगभर आणि दुसऱ्यात काहीच नाही असे नको, आणि रक्ताची तपासणी चुकवू नका. पालेभाजीतले 'के' ठरावीक राहिले की गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो.

पुडी त्यानंतर उघडली. आत तीन वाळलेल्या शेंगा सापडल्या. भिंगाखाली प्रत्येकीला तीन-चार पेरे दिसली, खालची कड खाचा पाडल्यासारखी. कुरणात जमिनीलगत पसरणाऱ्या, जांभळट फुलांच्या डेस्मोडियम ट्रायफ्लोरमच्या शेंगा अशा असतात. त्या झाडालाही आपल्याकडे रानमेथीच म्हणतात. पाला चुरून पाहिला. गोड वासाचा मागमूस नव्हता.