हिरवा ढेकूण : वासाचे हत्यार आणि त्यातली फट



उसातल्या सोयाबीनमध्ये, बांधावरच्या तुरीवर नाहीतर परसातल्या टोमॅटोवर ढालीच्या आकाराचा हिरवागार किडा आपण सर्वांनीच पाहिला आहे. हात लागला की असा वास सोडतो, की धुतला तरी लवकर जात नाही. कोणी याला ढेकण्या म्हणतात, कोणी हिरवा ढेकूण. शास्त्रीय नाव नेझारा व्हिरिडुला. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याची नोंद केली.

उसाचे तो फारसे बिघडवत नाही. त्याचा डोळा शेंगेवर आणि फळावर. सुईसारखी सोंड कोवळ्या शेंगेत खुपसून आधी लाळ सोडतो, मग रस ओढतो. दाणा सुरकुततो, बियाण्याची उगवण घटते. टोमॅटोवर पिवळट डाग पडतात आणि बाजारात मालाचा भाव उतरतो.

वास येतो कुठून ?

पिल्लाच्या वासाच्या ग्रंथी पाठीवर असतात. मोठ्या किड्यात त्या छातीखाली, पायांजवळ उघडतात. धोका दिसला की त्यातून उग्र द्रव बाहेर येतो. कोथिंबिरीच्या पानांना ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे वास येतो, त्याच जातीची द्रव्ये यात आहेत. पक्षी, सरडा असा घास पुन्हा घेताना विचार करतो. हाच वास आजूबाजूच्या भाईबंदांना इशाराही देतो. शिवाय अंगाचा रंग पानासारखा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पाय सोडून गडी सरळ खाली पडतो. शोधा म्हणावे गवतात !

अंड्यापासून पंखापर्यंत

मादी पानाच्या खालच्या बाजूला पिंपाच्या आकाराची फिक्कट अंडी घालते. साठ-सत्तर, कधी शंभरावरही, आणि ओळीने रचलेली, जणू मधाच्या पोळ्याची घरे. उबदार हवेत पाच-सहा दिवसांत पिल्ले निघतात. पहिले काही दिवस ती पीक खात नाहीत, टरफलांभोवतीच दाटीने बसून राहतात. नंतर पांगतात. पाच वेळा कात टाकली की पंख फुटतात. सगळा खेळ साधारण पाच आठवड्यांचा.

हत्याराला फट

आता मुद्द्याची गोष्ट. वासाचे हे हत्यार अंड्यांना नाही. मुंगीहून लहान अशी ट्रायसोल्कस नावाची एक परोपजीवी माशी आहे. ढेकणाची मादी पानावरून चालली की तिच्या पायांचा सूक्ष्म वास मागे राहतो. त्याच मागावर माशी येते आणि ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून ढेकूण न निघता माशीच निघते. ऑस्ट्रेलियात १९३३ साली ही माशी इजिप्तहून मुद्दाम आणून सोडण्यात आली. आपण मात्र चार ढेकूण दिसताच पंप पाठीला लावतो आणि फुकट राबणारा हा गडी आधी मारतो. शेजारी उसात पायरिलावर (पाकोळीवर) जगणारा एपिरिकॅनिया असतो, फवारा वाऱ्याने तिकडे गेला तर तोही जातो.

दुसरी गफलत ओळखीची. ढालीसारखा दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. तपकिरी रंगाचा, खांद्यावर टोकदार काटे आणि जाड सोंड असलेला शिकारी ढेकूण अळ्या टोचून खातो. त्याला हात लावू नका.

करायचे काय ?

- शेंगा धरू लागल्या की आठवड्यातून एकदा पाने उलटून बघा. फिक्कट अंडी आणि टरफलांवर बसलेली पिल्ले पानासकट तोडून नष्ट करा. एका पानात अख्खा खानदान सापडतो.
- काळी पडलेली अंडी बहुधा माशीने गाठलेली असतात. ती राहू द्या.
- सकाळच्या कोवळ्या उन्हात मोठे ढेकूण शेंड्यावर येतात, अंग गार असल्याने सुस्त असतात. साबणाच्या पाण्याची बादली खाली धरून झाड हलवा. खाली पडण्याची त्याची सवयच त्याला बुडवते.
- एवढे करूनही किडे वाढत राहिले तर शेतकी खात्याच्या माणसाला पीक दाखवा, मगच औषधाचे ठरवा.

औषधाचा खर्च शेवटी आपल्याच बिलातून जातो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी पान उलटा, मग पंप उचला.