दुसऱ्याचं लेकरू सांभाळताना : खर्च, अनुदान आणि लेकराची इस्टेट



आई-बाप गेले आणि पोरं चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दारात आली, हे आपल्या भागात नवं नाही. कुणी बोलून दाखवत नाही, पण घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार पैशाचाच येतो. आपली दोन आणि ही दोन, कसं भागायचं? हा विचार मनात येणं म्हणजे माणूस वाईट असं नव्हे. उलट, हिशोब न करता भावनेच्या भरात पोर घरात घेतलं आणि तीन वर्षांनी ते जड झालं, तर त्या पोराचे हाल जास्त होतात. सबब या लेखात फक्त हिशोब मांडला आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात. दत्तक घेणं वेगळं आणि सांभाळायला घेणं, म्हणजे संगोपन, वेगळं. दत्तक मूल कायद्याने आपलंच होतं. नाव, वारसा, सगळं. संगोपनातल्या मुलाचं नाव बदलत नाही आणि त्याला आपल्या जमिनीत हिस्साही मिळत नाही. "उद्या वाटणी मागेल" या भीतीने भाच्याला जवळ करायला मागे-पुढे पाहणारे आहेत. त्यांनी हे नीट समजून घ्यावं. मात्र ही गोष्ट उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. त्या मुलाच्या बापाच्या जमिनीत आपल्याला काडीचा हक्क येत नाही. त्याविषयी पुढे.

आता अनुदान. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना जुनी आहे. तिच्यात दरमहा ४२५ रुपये मिळत, तेव्हा कुणी फारसं विचारतही नव्हतं. २०२१ साली ही रक्कम ११०० झाली आणि २०२३ पासून ती दर मुलामागे महिना २२५० रुपये केली. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं नाव आहे. अठरा वर्षांखालचं अनाथ मूल यात बसतंच, पण आई किंवा बाप यांपैकी एकच हयात असलेलं, सोडून दिलेलं, आई-बाप दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेलं मूलही बसतं. बाप गेलेल्या घरी विधवा आई एकटी पोरं वाढवते आहे, तिलाही हा अर्ज करता येतो. आपल्याकडे हेच माहीत नसतं. "आई आहे की, मग अनाथ कुठं?" असं म्हणून लोक फिरकतच नाहीत.

दुसरी योजना केंद्राची, मिशन वात्सल्य. २०२२ च्या नियमांप्रमाणे तिच्यात महिना ४००० रुपये आहेत. घरी राहणाऱ्या किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी यातून मदत हवी असेल, तर ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. एकाच मुलाला दोन्हीकडून पैसा मिळेल असं मात्र कुणी धरून चालू नये.

हे पैसे पुरतात का? दहा वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा एक अंदाज मांडून बघू. प्रत्येक घराचे आकडे वेगळे निघतील, रीत तेवढी ध्यानात घ्यावी. ज्वारी-गहू घरचा धरला तरी दूध, तेल, किराणा मिळून महिना १५०० रुपये. कपडे आणि चपला वर्षाला ३०००, म्हणजे महिना २५०. वह्या, दप्तर, सहल, शाळेची किरकोळ मागणी ४००. दवाखाना ३००. केस कापणं, जत्रा, खाऊ, सटरफटर ३००. बेरीज महिना २७५०, वर्षाला ३३,०००. राज्याचं अनुदान वर्षाला २७,०००. म्हणजे सहा हजार आपल्या खिशातून. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण शाळेत मिळतं म्हणून एवढ्यावर भागतं. नववीपासून गणित बदलतं. शाळा लांब जाते, शिकवणी लागते. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, मुलग्यांना सवलतीत मिळतो. तरीही खर्च वाढतोच.

याहून मोठी अडचण वेळेची. हे अनुदान पहिल्या तारखेला पडणारा पगार नव्हे. कधी चार-सहा महिने काहीच येत नाही आणि मग एकदम जमा होतं. आपल्याला ऊस बिलाची सवय आहे, पहिली उचल एकदा आणि पुढचा हप्ता केव्हातरी, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. शाळा जूनमध्ये भरते आणि हंगामाचं बिल तोवर खतात नि सोसायटीच्या कर्जात गेलेलं असतं. म्हणून पोर घरात घेताना निदान सहा महिन्यांचा खर्च, वरच्या हिशोबाने साधारण १६,५०० रुपये, बाजूला काढून ठेवावा. अनुदान आलं की त्यातून ती रक्कम पुन्हा भरून काढावी. अनुदानाच्या भरवशावर दुकानात उधारी वाढवणं बरं नव्हे.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो. मंजुरी जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. मुलाचं आधार, आई-बापाचा मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि फोटो एवढं जवळ ठेवावं. घरी येऊन चौकशी होते, तिला घाबरायचं कारण नाही. घर पक्कं आहे की पत्र्याचं यापेक्षा पोर झोपतं कुठं, शाळेत जातं का, जेवतं का, हे बघितलं जातं. अर्जाला फी नाही. "साहेबांना द्यावे लागतात" म्हणून मधला कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

नात्यातलं नसलेलं, बालगृहातलं मूल सांभाळायला घ्यायचं असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ खाली ते घेता येतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा वर्षांवरची मुलं दिली जातात आणि लग्न न झालेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. दोन वर्षं सांभाळल्यावर, मूल दत्तक देण्याजोगं ठरलं तर, त्याच कुटुंबाला दत्तकासाठीही पुढे येता येतं. पूर्वी यासाठी पाच वर्षं थांबावं लागे. मुलाचं शिक्षण, औषधपाणी आणि आहार यांची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. समिती पाहणी करत राहते आणि कुटुंबात कमी दिसलं तर मूल परत नेते. गुरं राखायला नाहीतर लागणीच्या कामाला एक हात मिळेल, या विचाराने कुणी अर्ज करणार असेल तर त्याने न केलेला बरा. शाळा बुडवून पोराला पाचट गोळा करायला लावणं हा संगोपनाचा भाग नाही.

आता जमिनीची गोष्ट, जिच्यावरून भावकीत डोकी फुटतात. बाप वारला की सातबाऱ्यावर अज्ञान वारसाचं नाव लागतं आणि पुढे "अ.पा.क." म्हणून पालनकर्त्याचं नाव येतं. आपलं नाव लागलं म्हणजे जमीन आपली झाली, असं समजणारे महाभाग प्रत्येक गावात सापडतील. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे खुद्द आईलासुद्धा अज्ञान मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नुसता सांभाळ करतो म्हणून चुलत्याला तर तिला हातच लावता येत नाही. आई-बाप दोघेही नसतील आणि वाटणी होऊन बापाचा गट वेगळा असेल, तर जिल्हा न्यायालयातून रीतसर पालक नेमून घ्यावा. वकिलाचा खर्च होतो, पण पोर अठरा वर्षांचं झाल्यावर होणाऱ्या दाव्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

त्या जमिनीतला ऊस कारखान्याला येत असेल तर त्याच्या बिलाचा हिशोब वेगळ्या वहीत लिहावा. बियाणं, खत, पाणीपट्टी, मशागत वजा जाता जे उरेल ते मुलाच्या खात्यावर भरावं. आपल्या खात्यात मिसळलं की ते कुठं गेलं हे आपल्यालाही सांगता येत नाही. बाप कारखान्याचा सभासद असेल तर शेअर्स विभागात मृत्यूचा दाखला देऊन भाग वर्ग करून घ्यावेत. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे ते नामनिर्देशित व्यक्तीकडे आणि तसं नामनिर्देशन नसेल तर वारसाकडे जातात. ज्याचं नाव नामनिर्देशनात आहे तो मालक ठरत नाही, वारसांचा हक्क शिल्लक राहतोच. बाप शेतात किंवा रस्त्यावर अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. तो पैसाही मुलाच्या नावे ठेवीत टाकावा.

आई-बाप दोघेही नसलेल्या मुलाचं अनाथ प्रमाणपत्र जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत काढून ठेवावं. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. दाखला नसेल तर ते पदरात पडत नाही, आणि बारावीनंतर कागद शोधत बसलं तर प्रवेशाची मुदत निघून जाते.

कुठल्याही मुलाला तातडीने मदत हवी असेल तर १०९८ हा फोन क्रमांक मोफत असून रात्री-अपरात्रीही चालतो.