साडेचार हजारांची काटकसर

व्यापारी माणूस हिशेबाला पक्का असतो. ट्रेडमार्कच्या बाबतीत हाच गुण कधी कधी त्याच्या अंगाशी येतो. हिशेब असा मांडला जातो: जुन्या ट्रेडमार्कचं नूतनीकरण ऑनलाइन करायचं तर मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गाला ९,००० रुपये सरकारी फी. तेच नाव नव्याने नोंदवायचं तर व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला ४,५००. मग जुनं जाऊ दे, नवा अर्ज टाकू! आकडे खरे आहेत. सवलत नव्या अर्जालाच आहे. नूतनीकरणाला घरगुती मसालेवाल्यालाही तेवढेच पैसे पडतात आणि बड्या कंपनीलाही. चुकतो तो निष्कर्ष.

समजा, कोल्हापूरच्या एका मसालेवाल्याने १२ जुलै २०१६ रोजी अर्ज केला आणि प्रमाणपत्र २०१८ मध्ये हाती पडलं. कायद्याच्या दृष्टीने त्याची नोंदणी १२ जुलै २०१६ पासूनची. नूतनीकरण केलं की ही तारीख तशीच राहते. ती सोडून नवा अर्ज केला, तर नोंदणीपुरता तो आजचा माणूस ठरतो. मधल्या काळात कुणी मिळतंजुळतं नाव नोंदवलेलं असेल, तर आता तोच याच्या वाटेत उभा राहणार. वापर आधीपासूनचा असल्याचं सिद्ध करता येतं आणि कायदा त्या वापराला मानतोही. पण त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती, पावत्या शोधत बसावं लागतं. एरवी एका प्रमाणपत्रावर भागलं असतं.

शिवाय नव्या अर्जाला सगळे सोपस्कार पहिल्यापासून. परीक्षकाचा आक्षेप आला तर उत्तर, लागली तर सुनावणी, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवण्याची मुभा. नूतनीकरणात यातलं काहीच नाही. टीएम-आर फॉर्म आणि फी, संपलं.

मुदत मोजण्यातही गल्लत होते. दहा वर्षं प्रमाणपत्राच्या तारखेपासून नव्हे, अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे आपल्या मसालेवाल्याची मुदत २०२८ मध्ये नाही, जुलै २०२६ मध्येच संपते. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांनी त्यावरची अर्जाची तारीख एकदा वाचावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो, आणि दर दहा वर्षांनी कितीही वेळा. इंग्लंडमध्ये बास कंपनीचा लाल त्रिकोण १८७६ साली नोंदवला गेला, तो अजून नोंदवहीत आहे.

तारीख हुकली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. पहिले सहा महिने ४,५०० रुपये जादा भरून काम होतं. त्यानंतर, मुदत संपल्यापासून वर्ष होईपर्यंत, पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो. त्याला नूतनीकरणाच्या फीवर आणखी ९,००० पडतात आणि रजिस्ट्रारला ते न्याय्य वाटावं लागतं. नव्या अर्जाला खरं कारण उरतं ते साधारणपणे यापुढे.

दुसऱ्याची मुदत संपली म्हणून त्या नावावर टपून बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. फी न भरल्याने काढून टाकलेला ट्रेडमार्क पुढचं एक वर्ष, इतरांचे अर्ज तपासताना, नोंदवहीत आहे असंच धरलं जातं. आधीची दोन वर्षं तो खरोखर वापरातच नव्हता किंवा गोंधळाची शक्यता नाही, असं दिसलं तरच अपवाद. नोंदणी गेली तरी पासिंग ऑफचा, म्हणजे दुसरा कुणी आपला माल त्याचा म्हणून खपवतो असा, दावा जुन्या मालकाच्या हातात राहतोच. जातं ते नोंदणीच्या उल्लंघनाचा दावा लावण्याचं बळ, आणि गोलातला ‘आर’ छापण्याचा हक्कही.

उलट बाजूचा गैरसमज म्हणजे नूतनीकरणाने सगळं झाकलं जातं. नाही झाकलं जात. मसाले तिसाव्या वर्गात येतात. त्याच नावाने लोणची काढली तर तो एकोणतिसावा वर्ग, आणि खानावळ उघडली तर त्रेचाळिसावा. या दोन्हींसाठी नवा अर्जच हवा. लोगो बदलला तर? अक्षरांत किरकोळ फेरफार असेल, चिन्हाची ओळख तीच राहत असेल, तर टीएम-पी फॉर्मवर बदल मागता येतो. नाव किंवा चित्रच पालटलं असेल तर नवा अर्ज करावा, आणि माझ्या मते जुनंही काही काळ जपावं. बाजारात जुन्या पाकिटांची ओळख एका दिवसात पुसत नाही. नुसती फी भरून न वापरलेलं नाव कायम धरून ठेवता येतं, हेही खरं नाही. नूतनीकरणाच्या वेळी आपल्याकडे वापराचा पुरावा मागत नाहीत. मात्र नोंदीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापर नसेल, तर दुसरा कुणी ते काढून टाकण्यासाठी अर्ज करू शकतो.

वडिलांच्या नावावरचा ट्रेडमार्क मुलगा चालवतो, भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड झालेली असते, आणि नोंदवहीत मात्र जुनाच मालक. नूतनीकरणाने मालक बदलत नाही; हस्तांतराची नोंद वेगळी करून घ्यावी लागते.

मुदत संपण्याआधी रजिस्ट्रारने नोटीस पाठवायची असते. ती न पाठवता ट्रेडमार्क काढून टाकता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सिप्लाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण त्या भरवशावर बसू नये. नोटीस जाते ती नोंदवहीतल्या पत्त्यावर, आणि तो बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या एजंटचा असतो. दारात येतात ती वेगळीच पत्रं: सरकारी वाटेल असं बोधचिन्ह, कसलंसं ‘रजिस्टर’ आणि घसघशीत रक्कम. अशा पत्रावर पैसे भरण्याआधी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आपला अर्ज क्रमांक टाकून खरी तारीख पाहावी. त्याला फी नाही.