छायाचित्राच्या पोटातील नोंदवही

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात दृश्याबरोबरच डोळ्यांना न दिसणारी एक नोंदही साठविलेली असते. कॅमेऱ्याचा निर्माता व नमुना, दिनांक, वेळ, भिंगाच्या छिद्राचे माप आणि, सोय असल्यास, स्थळाचे अक्षांश-रेखांशही तीत असतात. या नोंदीस ‘एक्झिफ’ म्हणतात. तिचे पहिले प्रमाण १९९५ साली जपानमध्ये ठरले.

जुना कॅमेरा विकत घेऊ पाहणाऱ्या शाळेस वा गावातील लहानशा स्टुडिओस ही नोंद फार उपयोगी पडते. मोटार घेताना ती किती धावली हे जसे पाहतात, तसे कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले हे पाहावे. शटर म्हणजे प्रकाश अडविणारा नाजूक पडदा. प्रत्येक छायाचित्रागणिक तो हलतो आणि झिजतो. कॅनन ५डी मार्क ३ चे शटर दीड लाख, तर निकॉन डी८५० चे दोन लाख उघडझापांच्या कसोटीस उतरल्याचे निर्माते सांगतात. ही हमी नव्हे. कित्येक शटरे त्यापुढेही चालतात, काही आधीच निकामी होतात. परंतु लग्नसमारंभात राबलेला कॅमेरा एका दिवसात हजारभर छायाचित्रे सहज टिपतो, आणि पुसूनपासून ठेवला की तो नव्यासारखा दिसतो.

छायाचित्राच्या नावातील क्रमांकावर मात्र विसंबू नये. ९९९९ नंतर तो बहुधा पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. खरी संख्या पाहण्यासाठी त्याच कॅमेऱ्याने एक नवे छायाचित्र घ्यावे आणि मूळ फाइल कार्डावरून थेट संगणकावर उतरवावी. ‘एक्झिफटूल’ या विनामूल्य प्रणालीत ती उघडली असता निकॉन व पेंटॅक्सच्या बहुतेक नमुन्यांत ‘शटर काउंट’ अशी ओळ आढळते. कॅननच्या अनेक नमुन्यांत ही संख्या छायाचित्रात उतरत नाही. तेथे कॅमेरा तारेने संगणकास जोडून वेगळ्या प्रणालीने ती वाचावी लागते. विक्रेता आपले जुने छायाचित्र पुढे करील, तर ते न स्वीकारता आपल्यासमोर नवे घ्यावयास सांगावे. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटर वा चलच्चित्रण यांचा वापर या संख्येत बहुधा पुरता उमटत नाही, हेही ध्यानात असावे.

हीच नोंद कधी मालकाचे गुपितही फोडते. संगणक-व्यावसायिक जॉन मॅकॅफी हे डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवून लपले होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले आणि काही दिवसांतच ते पकडले गेले. मुलांची वा घराची छायाचित्रे मूळ स्वरूपात कोणालाही पाठविणाऱ्यांनी हे जाणून असावे. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे छायाचित्र पाठविल्यास ही नोंद गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती शाबूत राहते.

उलट, पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांसारख्या कामांत बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्थळनोंदीसह घेतली जातात. तेथे मोबाइलची स्थाननोंद चालूच असली पाहिजे. मात्र एक्झिफमधील वेळ म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याळातील वेळ होय. घड्याळ चुकले की नोंदही चुकते, आणि ‘एक्झिफटूल’सारख्या प्रणालीने ती बदलताही येते. म्हणून केवळ एवढ्या नोंदीवरून कोणा लाभार्थ्यास खोटे ठरविणे योग्य नव्हे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, व त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावयाचे असते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हे मूल्य बदलते. यास्तव तंट्यात उपयोगी पडेल असे छायाचित्र मूळ कार्डावरच राहू द्यावे, आणि काटछाट वा उजळणी करावयाची झाल्यास ती प्रतीवर करावी.