कवटी न उघडता

कवटीला छिद्र न पाडता मेंदूपर्यंत वीज पोचवता येते, हे मर्टन आणि मॉर्टन या लंडनच्या संशोधकांनी १९८० साली दाखवले. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांनी जबर व्होल्टेजचा क्षणभराचा झटका दिला आणि विरुद्ध बाजूच्या हाताचा स्नायू उडाला. प्रयोग साधला, पण झटका सोसवत नसे. मेंदूत शिरण्याआधीच वीज डोक्याच्या कातडीतल्या वेदनेच्या नसा चेतवत होती. दुखणेकऱ्याला रोज देता येईल असा उपचार यातून निघणे अवघडच होते.

पाच वर्षांनी शेफिल्डच्या अँथनी बार्कर, रझा जलिनूस आणि इयन फ्रीस्टन यांनी दुसरी वाट धरली. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. आणि चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१मध्येच सिद्ध केले होते. कॅपॅसिटरमध्ये साठवलेली वीज तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात सोडायची. वेटोळ्याखालच्या मेंदूत क्षीण प्रवाह उमटतो आणि चेतापेशी जाग्या होतात. मे १९८५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे छोटेखानी टिपण आले. टीएमएस या नावाने आज जगभर जो उपचार चालतो, त्याचा उगम तिथे आहे.

या चार दशकांकडे पाहताना यंत्रांची प्रगती आधी डोळ्यांत भरते. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती दुसरी कमाई. गुण उपचाराने आला की उपचाराच्या आशेने, हे पारखायला ही शाखा ठेचा खात शिकली. जुनाट वेदना सोसणाऱ्या माणसाला याच पारखेचा आधार आहे, कारण आशेवर त्याला आजवर पुष्कळांनी झुलवले आहे.

उपचाराच्या खोलीत घडते ते असे. रुग्ण खुर्चीत टेकून बसतो, कानांत बोळे घालतो. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्यावर टेकवून डॉक्टर ती थोडी थोडी सरकवत एकेक झटका देतात, आणि नजर ठेवतात ती रुग्णाच्या अंगठ्यावर. अंगठा आपोआप उडाला की हाताची हालचाल चालवणारी मेंदूतली जागा सापडली. मग जोर कमी करत जायचे. दहांपैकी निम्म्या वेळा अंगठा जेमतेम हलेल, तेवढा जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. प्रत्येकाचा वेगळा. वेदनेसाठी बहुधा त्याच्या किंचित खालीच राहतात. त्यानंतर सेकंदाला दहा ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा दहा ठोके. सुतारपक्षी डोक्यावर चोच मारतोय असे वाटते. क्षेत्राची ताकद मात्र एमआरआयच्या तोडीची, दीडदोन टेस्लाच्या आसपास असते.

सुरुवातीची यंत्रे काही सेकंदांनी एकच ठोका देऊ शकत. मेंदूपासून हातापर्यंत संदेश किती वेळात पोचतो हे मोजायला तेवढे पुरे होते. ठोके वेगाने देता येऊ लागले तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. यंत्र बंद केल्यावरही परिणाम काही काळ टिकतो, आणि जोर व वेग बेताल झाले तर निरोगी माणसालाही फिट येऊ शकते. १९९६मध्ये संशोधक अमेरिकेत बेथेस्डा इथे जमले, १९९८मध्ये सुरक्षेच्या मर्यादा छापून आल्या, आणि फिटचा धोका अगदी विरळ झाला. पुढे नैराश्याच्या उपचाराने बाजी मारली. अमेरिकेत २००८मध्ये त्याला मान्यता मिळाली.

वेदनेची वाट जास्त वळणाची निघाली. इथे दुखापतीची वेदना अभिप्रेत नाही. पक्षाघातानंतर, मणक्याच्या इजेनंतर, मधुमेहात किंवा नागीण बरी झाल्यावर नसाच बिघडतात आणि वेदना मागे उरते. आग होते, चमका मारतात, अंगावरून पदर गेला तरी सहन होत नाही. गोळ्यांनी अनेकांना पुरेसा आराम पडत नाही. जपानच्या त्सुबोकावांनी १९९१मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणावर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवले. वेदना ही संवेदना, तेव्हा संवेदनेचा पट्टा चेतवावा असे कुणालाही वाटेल. पण आराम पडला तो शेजारचा हालचालींचा पट्टा चेतवल्यावर. या अनपेक्षित निष्कर्षावर पुढची सारी इमारत उभी आहे. हा पट्टा चेतवला की खोलवरच्या थॅलॅमसपर्यंतच्या आणि शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक व्यवस्थेतल्या वाटा हलतात, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले.

पॅरिसजवळच्या क्रेतेय इथल्या लफोशर यांनी २००१च्या सुमारास तीच जागा बाहेरून, चुंबकाने चेतवून पाहिली. इजिप्तमधल्या आशियुत विद्यापीठाच्या डॉ. खेद्र यांनी २००५मध्ये ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्मे पक्षाघातानंतरच्या वेदनेचे, निम्मे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या वेदनेचे. सलग पाच दिवस उपचार दिले. आराम पुढे दोन आठवडे टिकला. युरोप-अमेरिकेच्या बड्या प्रयोगशाळांबाहेर झालेले हे काम मला फार महत्त्वाचे वाटते.

दरम्यान, गटिंगनच्या निट्शे आणि पाउलुस यांनी २०००मध्ये याहून स्वस्त वाट दाखवली. ओल्या स्पंजाचे दोन इलेक्ट्रोड, बॅटरी आणि एक मिलिअँपिअरच्या आसपासचा सौम्य प्रवाह, म्हणजे टीडीसीएस. यंत्र हलके, धोका कमी. मग उत्साहाला उधाण आले. स्मरणशक्ती, गणित, पक्षाघात, वेदना. जिथे मेंदू तिथे टीडीसीएस. अभ्यास लहान, रुग्ण वीस-तीस, निकाल उत्तम. लोक घरीही यंत्रे बनवू लागले.

इथे खोट्या उपचाराचा प्रश्न ऐरणीवर आला. तुलनेसाठी काही रुग्णांना नुसता देखावा द्यावा लागतो. पूर्वी कॉइल तिरकी धरत, आवाज तोच ठेवत; पण खरे ठोके कातडीला जाणवतात, तिरक्या कॉइलचे तसे जाणवत नाहीत. दोन्ही अनुभवलेला रुग्ण सहज ओळखतो. टीडीसीएसमध्ये अर्धा मिनिट प्रवाह देऊन गुपचूप बंद करतात, कारण चुणचुण बहुतेक सुरुवातीलाच होते. हे देखावे सुधारत गेले तसतसे खऱ्या-खोट्यातले अंतर घटले. पक्षाघाताने लुळ्या झालेल्या हातासाठी अमेरिकेत झालेल्या टीएमएसच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१८मध्ये आला. सहा महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात ६७ टक्के रुग्ण लक्षणीय सुधारले, खोट्या उपचाराच्या गटात ६५ टक्के. दोन्ही गटांना हाताचे व्यायाम मिळाले होते. त्याच वर्षी कॉक्रेनच्या आढाव्याने जुनाट वेदनेवरच्या ९४ चाचण्या, २९८३ रुग्ण, एकत्र तपासले आणि बहुतेक पुरावा कमकुवत ठरवला.

अनेकांना हा पराभव वाटला. मला तसे वाटत नाही. अशाच कठोर हिशेबाने फ्रान्समध्ये नादीन अताल यांच्या चमूने नीट आखलेली बहुकेंद्री चाचणी केली. नसांच्या वेदनेचे १४९ रुग्ण, २२ आठवड्यांत विभागलेली १५ सत्रे, खरा आणि खोटा उपचार दोन्ही. २०२१मध्ये निकाल आला. हालचालींच्या पट्ट्यावरच्या उपचाराने वेदना खोट्या उपचारापेक्षा जास्त घटली आणि हा फरक २५ आठवड्यांपर्यंत दिसला. कपाळामागचा भाग चेतवणाऱ्या गटात असा फायदा दिसला नाही. म्हणजे जागा महत्त्वाची, आणि त्सुबोकावांचे निरीक्षण तीस वर्षांनी, कवटी न उघडता, पुन्हा खरे ठरले. वेदना नाहीशी झाली नाही, कमी झाली. रात्रभर पायांची आग सोसणाऱ्याला ही घट किती मोठी असते, ते त्याच्या घरच्यांना विचारावे.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हे उपचार आणि संशोधन, मुख्यतः मनोविकारांसाठी, बरीच वर्षे सुरू आहे. मुंबई-पुण्यात खाजगी टीएमएस केंद्रे निघाली आहेत. त्यांच्या जाहिरातींत नैराश्य, अर्धशिशी, आत्ममग्नता, पाठदुखी एकाच ओळीत दिसतात तेव्हा राग येतो, कारण या प्रत्येकामागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. गुण कुणाला येईल हे आधी सांगता येत नाही. सत्रे कधी थांबवावीत याचेही पक्के उत्तर नाही. घराघरांत मधुमेह असलेल्या महाराष्ट्रात ही उत्तरे शोधायला रुग्णांची वाण नाही. आशियुतसारखी, पण अताल यांच्या शिस्तीची चाचणी सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून हाती घ्यावी, आणि तिच्या आखणीत सत्रांसाठी गावाहून येणाऱ्या रुग्णाचे एसटीभाडे पहिल्या दिवसापासून धरावे.